शेवटचे कडवे

आमचे मालेगाव म्हणजे नाशिककडचे नव्हे. यंत्रमागाचे ते मालेगाव वेगळे. आमचे मालेगाव जहांगीर, जिल्हा वाशिम. १ जुलै १९९८ पूर्वी जिल्हा अकोला. अकोल्याहून वाशिमच्या एसटीत बसले की पातूरचा घाट लागतो, मग मेडशी, मग आम्ही. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्यांच्याविषयी पुढे लिहायचे आहे ते वामनदादा कर्डक नाशिक जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. बाहेरगावचे पाहुणे म्हणतात, "म्हणजे दादा तर तुमच्याच भागातले!" नाही हो. मधे अर्धा महाराष्ट्र आहे. पण ते आमच्याच भागातले वाटतात हे मात्र खरे, आणि असे का वाटते तेच सांगायचे आहे.

गेल्या उन्हाळ्यात नात्यातला एक मुलगा सुटीवर आला. चाकणला कंपनीत कामाला आहे. त्याच्या टी-शर्टवर चार गोरी पोरे एकामागे एक रस्ता ओलांडताना छापलेली. आम्ही विचारले, "हे कोन रे बाप्पा?" तो म्हणाला, "आबा, बीटल्स म्हनतात यायले." मग त्याने सगळी माहिती दिली. लिव्हरपूल नावाच्या बंदराच्या गावातली ही साध्या घरची पोरे. १९७० साली यांचा बँड फुटला, त्यालाही पन्नास वर्षे उलटून गेली. पण आजही जगात कोणी गिटार शिकायला बसला की यांचीच गाणी वाजवतो. एवढे सांगून तो म्हणाला, "आबा, तुमच्या टायमाले कोनता बँड होता?"

आम्ही हसलो. आमच्या वेळी बँड म्हणजे लग्नाच्या वरातीतला. पण रात्री खाटेवर पडल्यावर लक्षात आले की पोराचा प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमचाही बँड होता. त्याला आम्ही पार्टी म्हणत होतो.

या पार्टीचे मूळ शोधत गेले तर ते जलशात सापडते. सत्यशोधकांनी जलसे उभे केले होते. तो साचा आंबेडकरी चळवळीने उचलला. नाशिकला २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच धामधुमीच्या काळात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी जलसा उभा केला. ढोलकी तमाशाचीच, बतावणीही तमाशाचीच, पण सांगणे नवे. मेलेली ढोरे ओढू नका, पोरांना शाळेत घाला, व्यसन सोडा, सभेला या. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार अशा रीतीने गेला. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणाले होते, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पुढे भीमरावांनी या जलशांवर पुस्तकही लिहिले. ते लिहिले म्हणून बरे, नाहीतर ढोलकीचा आवाज थांबला की मागे काय उरते?

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जलसा हळूहळू मागे पडला आणि गायन पार्टी पुढे आली. तमाशाचा बाज जाऊन कव्वालीचा बाज आला. मधे मुख्य गायक, हातात पेटी. बाजूला ढोलक, तबला, बेंजो. मागे झील धरणारे तिघे-चौघे, टाळ्यांवर ठेका देणारे. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे ही नावे आमच्या वस्तीत सिनेमाच्या हिरोपेक्षा मोठी होती. सामना असला तर विचारूच नका. एका बाजूला गायक, दुसऱ्या बाजूला गायिका, आणि सवाल-जवाब पहाटेपर्यंत. थंडीत घोंगडी पांघरून बसलेली म्हातारी माणसेसुद्धा उठत नसत.

चाली पुष्कळदा सिनेमातल्या. याला काही जाणकार नाक मुरडतात. आमचे म्हणणे वेगळे आहे. निंदणाला गेलेल्या बाईला नवी चाल शिकवायला कोण जाणार? चाल तिच्या कानात आधीच असते, त्यावर शब्द ठेवला की गाणे संध्याकाळपर्यंत तिचे होते. आमच्या घरातल्या एका लेकराने तर रेडिओवर मूळ हिंदी गाणे पहिल्यांदा ऐकले आणि रडवेले होऊन सांगत आले, "आपलं गानं चोरलं त्यायनं!"

आमची स्वतःची पार्टी १९८३ सालची. आम्ही पाच जण. एक मार्केट यार्डात हमाल, एक गवंडी, एक शिंपी, एक शाळेत शिपाई आणि एक दुसऱ्याच्या वावरात सालदार. पेटी जुनीच घेतली, वर्गणी करून, वाशिमच्या एका भजनी मंडळाकडून. तिचा एक सूर बसलेला होता, त्यामुळे गवंडी भाऊ त्या सुरावर आला की बोट उचलून पुढच्यावर टाकायचा. ती सवय त्याला इतकी जडली की नंतर चांगली पेटी मिळाली तरी तो तो सूर गाळतच राहिला. मेडशी, शिरपूर, किन्हीराजा, जऊळका, जिथे बोलावणे येईल तिथे जायचे. कधी एसटीने, कधी बैलगाडीने, परत येताना बहुतेक पायी. मानधन म्हणजे जाण्यायेण्याचे भाडे आणि बेसन-भाकर. सकाळी हमाल भाऊ तसाच पोते उचलायला जात असे. डोळे लाल, आवाज बसलेला. लोकांना वाटे, रात्री पिऊन आला. आयुष्यात थेंब शिवला नाही त्या माणसाला.

कार्यक्रमाचा क्रम ठरलेला. आधी त्रिशरण-पंचशील, मग बुद्धगीत, मग बाबासाहेबांची गाणी, आणि मध्यरात्र उलटली की रमाईची. रमाईचे गाणे सुरू झाले की बायांच्या बाजूने हुंदके येत. गोवऱ्या थापणारी, लेकरे गमावलेली, २७ मे १९३५ ला निघून गेलेली ती माउली त्यांना पुस्तकातून माहीत नव्हती, गाण्यातून माहीत होती. आणि खरे तर बायांनी गाण्यासाठी पार्टीची वाट कधी पाहिलीच नव्हती. जात्यावर त्यांनी बाबासाहेबांच्या ओव्या आमच्या कितीतरी आधीपासून रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यातही भीमाच्या ओव्या आहेत. त्यांना मंच नव्हता, माइक नव्हता, नावही छापून आले नाही.

आता दादांविषयी. वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. आईबरोबर मुंबईला गेले, मिळेल ते काम केले. शाळा अशी नाहीच. कोणी तरी वाचायला पत्र दिले आणि आपल्याला ते वाचता येत नाही याची लाज वाटून ते रडले, मग मोठेपणी अक्षरे शिकले. ही त्यांची हकीकत आमच्या वस्तीत लेकरांना शाळेत धाडताना सांगतात. पहिले गाणे ३ मे १९४३ चे. त्यानंतर साठ वर्षे हा माणूस लिहीत आणि गात राहिला. दहा हजारांच्या घरात गाणी सांगितली जातात. पोटची एकुलती मुलगी लहानपणीच गेली. पुढे गावोगावच्या लेकरांनी त्यांना दादा म्हटले.

आम्ही त्यांना एकदाच पाहिले, नागपूरला, दीक्षाभूमीच्या गर्दीत, दुरून. काळी दाढी नव्हे, पांढरी झालेली. शिंपी भाऊ गर्दीत घुसून पायाला हात लावून आला आणि वाशिमपर्यंत त्याने तो हात खिशात ठेवला. आम्ही त्याची फार थट्टा केली. पण आज तो नाही, आणि ते आठवले की थट्टा आठवत नाही, खिशातला हात आठवतो.

दादांना पेटीवाले, ढोलकीवाले, गायक सगळे गुरू मानत, पण त्यांनी कोणाला समोर बसवून सा-रे-ग-म शिकवले नाही. शिकवले गाण्याने. आमचा सालदार भाऊ ढोलक कॅसेटवरून शिकला. एकच ठेका ऐकायचा, टेप थांबवायची, बॅटरी वाचावी म्हणून पेन्सिल घालून रीळ हाताने मागे फिरवायचे, पुन्हा ऐकायचे. एका पावसाळ्यात त्याने तीन कॅसेटी अशा झिजवल्या. पुढे त्याच्याकडून आजूबाजूच्या खेड्यांतली सात-आठ पोरे शिकली. त्यांच्यातली दोन आज लग्नाच्या बँडमध्ये वाजवून घर चालवतात. त्यांचा ढोलक ऐकला की कानाला लगेच कळते, हा हात कोणत्या कॅसेटमधून आला.

आमच्याकडे गाण्याची वही होती. अजून आहे. व्यापाऱ्याच्या दुकानातली लाल कापडाची खातेवही. तिच्यात २१४ गाणी. दुसऱ्या पार्टीचा कार्यक्रम असला की शाळेतला शिपाई भाऊ कंदिलाजवळ बसून उतरवून घ्यायचा. प्रत्येक पार्टीची वही म्हणजे तिची तिजोरी. १९७८ पासून नामांतराचे आंदोलन पेटले, १९७९ ला नागपूरहून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वात लाँग मार्च निघाला, पलीकडे मराठवाड्यात घरे जळाली. आमचा जिल्हा मराठवाड्याला लागूनच. नातेवाईक पलीकडे, सोयरिकी पलीकडे. त्यांच्याबरोबर तिकडची गाणी इकडे आली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा वहीची सोळा पाने त्याच गाण्यांनी भरलेली होती. तिकडे कोण मेले, कोणाचे घर गेले, हे आम्हाला वर्तमानपत्राआधी या पानांनी सांगितले.

मग आले २००४ साल. १५ मे रोजी वामनदादा गेले आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे. दीड महिन्याच्या आत लिहिणारा गेला आणि गाणाराही गेला. त्या पावसाळ्यात वस्तीत कोणी मोठ्याने टेप लावली नाही.

प्रल्हाददादांच्या आवाजाची गंमत सांगण्यासारखी आहे. आषाढीला हमरस्त्यावरच्या हॉटेलात त्यांचे विठ्ठलाचे गाणे लागते आणि चहा पिणारे वारकरी मान डोलावतात. तोच आवाज चौदा एप्रिलला आमच्या वस्तीत भीमगीत गातो. हॉटेलवाल्याला आम्ही एकदा सांगितले, "हा आमचा मानूस आहे." तो म्हणाला, "असंन, पन आवाज सगळ्यायचा आहे." त्यावर आम्हाला काही उत्तर सुचले नाही. प्रल्हाददादांचे आनंद आणि मिलिंद हे पुत्र गायक झाले, मग नातू आदर्श आणि उत्कर्ष. आदर्शचे 'दुनियादारी' या २०१३ च्या सिनेमातले गाणे तर घरोघर वाजले. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरला दीक्षाभूमीवर मंचावरच कोसळले आणि गेले; त्यांचे पुत्र नंदेश गातात. ही घराणी मोठी आहेत. पण आमच्यासारख्या शेकडो पार्ट्या, ज्यांची कॅसेट कधी निघाली नाही, त्यांचे घराणे कोणते? त्यांचे घराणे म्हणजे वही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. वामनदादा गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपले नाव घालत. अभंगात 'तुका म्हणे' येते तसे. ही फुशारकी नव्हे. छापखाना नसलेल्या माणसाची ती सही. गाणे कुठेही गेले, कोणीही गायले, तरी शेवटी कळावे की हे कोणाचे. पार्टीत नियमच होता, वेळ कमी असला तर मधले कडवे गाळा, शेवटचे गाळायचे नाही.

दोन वर्षांपूर्वी जयंतीच्या बैठकीला आम्ही विहारात जमलो. पोरांनी डीजे ठरवला होता. आकडा ऐकून हमाल भाऊने दोनदा विचारले, ऐकण्यात काही चुकले तर नाही ना. आम्ही म्हटले, पार्टी बोलवा. पोरे म्हणाली, आबा, पार्टीपुढे कोण नाचते? खरेच आहे, कोणी नाचत नाही, पार्टी ऐकायची असते. आवाज वाढला. पोरे वाईट नाहीत, हे लिहून ठेवतो. वर्षभर पुण्या-मुंबईला पत्र्याच्या खोलीत राहून, बारा-बारा तास काम करून ती गावी येतात. एक दिवस निळा झेंडा घेऊन रस्त्याच्या मधोमध नाचावेसे वाटते, ज्या रस्त्याने त्यांच्या आज्याला खाली मान घालून जावे लागे. हे न समजण्याइतके आम्ही म्हातारे झालो नाही.

पण मिरवणुकीत जे वाजले ते ऐकून आम्ही बसून राहिलो. गाणे दादांचे. मुखडा आणि एक कडवे, मग धडाम-धडाम, मग पुन्हा मुखडा, मधे डीजेवाल्याच्या नावाची आरोळी. शेवटचे कडवे नाहीच. आमच्या सालदार भाऊचा नातू साउंडच्या गाडीवर उभा होता. त्याला विचारले, "हे गानं कोनाचं आहे रे?" त्याने डीजेवाल्याचे नाव सांगितले.

आम्ही त्याला रागावलो नाही. त्याला माहीत कुठून असणार? त्याच्या मोबाइलमध्ये गाणे जेवढे आले तेवढेच त्याचे.

बाहेर पाहिले तर नव्या पोरांनी पुष्कळ केले आहे. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन गातात. मोबाइलने त्यांना घरोघर नेले, त्यांच्यामागे कंपनी नव्हती. जालंधरची गिन्नी माही पंजाबीत बाबासाहेब गाते. मुंबईच्या कबीर शाक्य यांनी 'धम्मा विंग्ज' नावाचा रॉक बँड काढला, गिटार आणि ड्रमवर बुद्धाचा विचार. तिकडे चेन्नईला पा. रंजित आणि टेन्मा यांनी 'कास्टलेस कलेक्टिव्ह' उभा केला. जानेवारी २०१८ मध्ये त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम झाला, एका मंचावर एकोणीस जण, गिटारीच्या शेजारी मयतीला वाजणारी वाद्ये. त्या पोरांनी जे केले ते भीमरावांच्या जलशाने तमाशाच्या ढोलकीचे केले होते. ज्या वाद्यावरून हिणवले तेच मंचावर आणले. आणि चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा २०१४ चा सिनेमा पाहिलाच असेल. त्यातला शाहीर नागपूरच्या वीरा साथीदार यांनी केला, गाणी संभाजी भगत यांची. साथीदार १३ एप्रिल २०२१ ला, जयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनाने गेले. म्हणजे नवे वाद्य आले म्हणून जुने गाणे मरते असे काही नाही. त्यावरून सहीच पुसली गेली तर मात्र दुखते.

तो नातू आठ दिवसांनी आपण होऊन घरी आला. म्हणाला, "आबा, तुमच्या वहीत ते गानं पुरं आहे म्हनतात." आम्ही वही काढली. त्याने शेवटचे कडवे वाचले, एकदा मनात, एकदा मोठ्याने. नावावर येऊन थांबला. "म्हनजे हे आधीपासूनच लिवलेलं होतं?" होते रे बाप्पा, तुझ्या बापाच्या जन्माआधीपासून.

गेल्या वर्षी तेरा एप्रिलच्या रात्री विहारात पार्टी बसली. पाचापैकी आम्ही तिघेच उरलेले, ढोलकावर लग्नाच्या बँडमधला शिष्य. सुरुवातीला चाळीसेक माणसे, बाराच्या नंतर बहुतेक बायाच. आवाज पूर्वीचा राहिला नाही, वरच्या पट्टीला खोकला येतो. नातवाने मोबाइल माइकला लावून सगळे भरून घेतले. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत त्याने डीजेवाल्याला विनवून एका गाण्याचे शेवटचे कडवे मधे घालायला लावले. ते आमच्या खोकल्यासकट वाजले. त्याला ठेका नव्हता, त्यामुळे नाचणारे थबकले. दोघा-तिघांनी त्याला शिव्याही दिल्या, मूड घालवला म्हणून. पण कडेला उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बायांनी नावाच्या ओळीला हात जोडले, हे आम्ही पाहिले.

आता तो आणि त्याच्या दोन मैत्रिणी, कॉलेजला जाणाऱ्या, दर रविवारी वही उतरवून घेतात. गाणे, चाल, लिहिणाऱ्याचे नाव. २१४ पैकी आतापर्यंत १३७ गाण्यांना नाव लागले आहे. उरलेल्यांपैकी काहींची शेवटची पाने वाळवीने खाल्ली. त्यातली दोन नामांतराच्या वेळची आहेत, पलीकडून आलेल्या पाहुण्यांनी दिलेली. हिंगोली, परभणी, नांदेड भागातल्या ज्या घरात जुन्या पार्टीची वही असेल, त्यांनी ट्रंक उघडून पाहावे. शेवटचे कडवे मिळाले तर मालेगावच्या विहारात निरोप द्यावा.

पेटीचा भाता फाटला आहे. गवंडी भाऊ म्हणतो, चिकटवून चालेल. चालणार नाही. मंगळवारी ती अकोल्याला दुरुस्तीला न्यायची आहे, नातू बरोबर येतो म्हणाला.